खात्रीचा हात

ट्रेमधले स्क्रू हलले. दत्तोपंत त्या वेळी एका लॅपटॉपच्या पोटातली कागदासारखी पातळ पट्टी चिमट्यात धरून तिच्या खाचेत सरकवत होते. श्वास रोखलेला, चष्मा कपाळावर, डोळ्याला भिंग. पट्टी बसायला नखभर अंतर उरलं असताना ती थरथरली आणि त्याच क्षणी डाव्या कोपराजवळच्या पत्र्याच्या ट्रेमधून बारीक आवाज आला, सुपातल्या तांदळात खडा वाजावा तसा. दीड सेकंद, फार तर दोन. मग सगळं पुन्हा होतं तसं झालं. पंखा फिरत होता, भिंतीवरचं कॅलेंडर स्वस्थ होतं. बाहेर नव्या बॅचची पोरं पाठीवर ओझी टाकून साडेसातच्या तासाला चालली होती. त्यांच्यातलं कुणी थबकलं नाही, कुणी वर पाहिलं नाही. दत्तोपंतांनी चिमटा खाली ठेवला. जमीन हलली, की माझा हात हलला? कोपर टेबलावर, ट्रे टेबलावर, लॅपटॉपही टेबलावर. हात हलला असता तरी स्क्रू वाजले असते आणि जमीन हलली असती तरी पट्टी थरथरली असती.

दुसरा कुणी असता तर शेजारच्या दुकानात डोकावून विचारून आला असता, काही जाणवलं का हो. एवढंच काम. पण दत्तोपंतांच्या तोंडून ते निघणार नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते कारण मनात वर यायला लागलं तसं त्यांनी ते मागे सारलं आणि उजवा हात समोर धरला. हात त्यांच्या ओळखीचा होता, बासष्ट वर्षांचा. आधी रेडिओ, मग टेप, मग मोठ्या पाठीचे मॉनिटर आणि आता गेली पंधरा-सोळा वर्षं लॅपटॉप, एवढं सगळं या हातानं उघडून पुन्हा मिटवलं होतं. बोटं ताठ करून त्यावर बिलाचा कोरा कागद ठेवला. कागदाची कड फडफडली. पंखा आहे, म्हणून पंखा बंद केला. कड थोडी कमी हलली, पण हलली. आता कोणाचा हात अगदी दगडासारखा स्थिर असतो? हे खरं होतं, पण वडिलांनीही पहिल्यांदा बहुतेक हेच म्हटलं असणार. वडील तहसिलीत कारकून, अक्षर असं की लोक आपले अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. साठीनंतर त्यांची बशी वाजायला लागली. बशीत कप वाजायचा तो इतका हलका, की घरात आधी कुणाला कळलंच नाही. दत्तोपंतांना कळलं, रेडिओवाल्याचा कान. ते बोलले नाहीत. मग वडील पाहुण्यांसमोर चहा नको म्हणायला लागले, मग कागदावर सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणायला लागले, आणि शेवटी पेन कपाटात ठेवून दिलं. कुणी विचारलं तर सांगायचे, आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही. त्यानंतरची सहा वर्षं ते ओट्यावर हात मांडीखाली दाबून बसून राहिले. दत्तोपंतांना मरणाची तितकी भीती नव्हती. मांडीखाली दाबलेल्या हातांची होती. हात गेला तर दुकान मिटवावं लागणार, आणि दुकान मिटलं तर सकाळी आंघोळ करून कुठं जायचं, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

बिघाड शोधायची त्यांची एक ठरलेली रीत होती. बघताक्षणी निदान सांगायचं नाही. एका वेळी एकच भाग काढायचा आणि त्या जागी खात्रीचा भाग लावायचा. खात्रीचा म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये चालताना आपल्या डोळ्यांनी पाहिलेला. चार्जर बदलला तरी लॅपटॉप मेलेलाच? मग चार्जर निर्दोष, त्याला बाजूला ठेवा आणि मनातल्या मनात त्याची माफी मागा. रॅमची एक पट्टी काढा, दुसरी लावा. बॅटरी सोडवा. स्क्रीनची केबल काढून बाहेरचा मॉनिटर जोडा. असं एकेकाला निर्दोष ठरवत गेलं की शेवटी जो उरतो तो दोषी, आणि तोही बहुतेकच. गल्लीतले बाकीचे कारागीर मशीन हातात घेण्याआधीच 'मदरबोर्ड गेला' म्हणायचे आणि गिऱ्हाइकाला ते आवडायचं. दत्तोपंत म्हणायचे, बघावं लागेल, बहुतेक बॅटरी असावी, पण नसेलही. नांदेडच्या त्या क्लासेसच्या गल्लीत चहावाल्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत प्रत्येकाला पोरं सर म्हणत. दत्तोपंतांचं नाव 'बहुतेक सर' पडलं होतं. त्यांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना ते फारसं लागलंही नव्हतं. पुस्तकं वाचता वाचता आणि मशीन उघडता उघडता त्यांना एवढं कळलं होतं की फार ठाम बोलणारा माणूस सहसा काही उघडून बघत नाही. पण आज ती रीत चालेना. चार्जरच्या जागी चार्जर लावता येतो. हाताच्या जागी कोणता खात्रीचा हात लावून बघणार?

ते उठून कोपऱ्यावरच्या पार्वतीबाईंच्या गाड्यावर चहाला गेले. तिथं काचेचे ग्लास एकावर एक रचलेले होते, सहा सहाच्या चळती. जमीन हलली असती तर हे वाजले असते आणि वाजले असते तर पार्वतीबाई आतापर्यंत चार जणांना सांगून मोकळ्या झाल्या असत्या. त्या मात्र स्टोव्हला पंप मारत कुणा पोराला उधारीवरून झापत होत्या. दत्तोपंत ग्लासांकडे बघत उभे राहिले. "चहा गार करून पिऊन राहिले का पंत आज?" पार्वतीबाईंनी विचारलं, "का नव्या बॅचला शिकवायला चालले?" दत्तोपंत हसले आणि गार झालेला चहा प्याले. ग्लास तोंडाला नेताना त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, हे त्यांच्या परत येताना लक्षात आलं.

आणि मग ती मागे सारलेली गोष्ट आलीच. किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली त्या वर्षी ते लातुरात होते. त्यांची बायको कुसुम तेव्हा बदलीच्या गावी शाळेत शिकवायची आणि ते एका माळ्यावर खोली करून राहायचे, खाली रेडिओचं दुकान. माळ्यावरच्या बाकीच्या खोल्यांत बारावीची पोरं. लातूरचे क्लासेस तेव्हा नुकते गाजायला लागले होते, लांबलांबून पोरं यायची. शेजारच्या खोलीत भोकरकडचा व्यंकट होता, शेतकऱ्याचा एकुलता मुलगा, गणितात असा की मास्तर त्याला फळ्याजवळ उभं करायचे. भूकंपानंतर दोन-तीन महिने सगळं शहर उघड्यावर झोपलं. थंडी पडली तशी माणसं घरात आली, पण प्रत्येकाने उशाशी आपापलं यंत्र मांडलेलं असायचं: पालथ्या पेल्यावर पालथा पेला, त्याच्यावर गोटी. जमीन हलली की पेला पडणार, पेला पडला की पळायचं. दत्तोपंतांचं यंत्र सगळ्यांत नाजूक होतं, त्यांनी त्यात घड्याळाची स्प्रिंग घातली होती आणि त्याचा त्यांना थोडा अभिमान होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते दाढी करत होते आणि पेला पडला. पायांखालची फरशी घुमत होती, ती त्यांनी तळव्यांनी ऐकली. ते गॅलरीत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, सगळ्या ताकदीनं ओरडले, हललं, पळा. पोरं जिन्याकडे धावली. व्यंकटनं कठड्यावरून उडी मारली. खाली तुरीच्या भुशाचा ढीग होता, त्याच्यावर पडला असता तर कपडे झटकून उठला असता. तो हातभर अलीकडे पडला आणि डाव्या पायाची टाच मोडली. सगळे अंगणात उभे, कोणी बनियनवर, कोणी तोंडाला साबण लावून, आणि जमीन तशीच घुमत होती, थांबतच नव्हती. मग मागच्या भिंतीपलीकडून डाळ मिलचे मुनीम महादेवप्पा पेढ्यांचं ताट घेऊन आले. तडे गेल्यापासून मिल बंद होती. आज नवी मोटार बसवली, नारळ फोडला, बटण दाबलं; घुमत होती ती मोटार. त्यांनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. दत्तोपंतांच्याही ठेवला. मुनिमांना कोणी तरी व्यंकटकडे बघायला सांगेपर्यंत पेढे वाटून झाले होते. बोर्डाची परीक्षा आठ दिवसांवर होती. व्यंकट ती देऊ शकला नाही, आणि गावी गेला तो पुढच्या वर्षी परत आला नाही. त्याचे वडील थकले होते, शेत होतं. दत्तोपंत भोकरला जायचे, आधी दर महिन्याला, मग सणावाराला, आता फोन. तीस वर्षांत व्यंकट त्या सकाळविषयी एक अक्षर बोलला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून दत्तोपंतांनी आपल्या अंगाला जे कळतं त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडलं. मशीन काय सांगतं ते बघायचं. माझा तळवा काय सांगतो, ते राहू द्या.

नऊला पुनम आली. ती चार दुकानं सोडून असलेल्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची, आणि तिचा लॅपटॉप काल संध्याकाळपासून दत्तोपंतांच्या टेबलावर बिनतक्रार चालत होता. त्यांनी चार्जर बदलून पाहिला, बाहेरचा मॉनिटर जोडून पाहिला, लॅपटॉप तापवून पाहिला. तो बंद पडला नाही. पुनमचं म्हणणं होतं की घरीही कधी पडत नाही, वर्गातच पडतो. महिना झाला. आता पोरांनाही सवय झालीय, ती फळ्याकडे वळली की मागचे बाक तीन, दोन, एक मोजतात आणि पडदा काळा झाला की टाळ्या पडतात. आज अकराला तिच्या नव्या बॅचचा पहिला तास होता. क्लासच्या मालकांनी सांगून ठेवलं होतं की आजही तसंच झालं तर बॅच दुसऱ्या सरांना. ती हे हसत सांगत होती, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडवत होती.

"पलीकडच्या दुकानात नेला होता काका. त्यांनी न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड. मग मी म्हटलं, होळीला कीबोर्ड तुम्हीच बदलला होता, तर तुम्हालाच दाखवावं."

दत्तोपंतांनी मनात यादी लावली. मशीन निर्दोष ठरत होतं, चार्जर निर्दोष ठरत होता. उरली कोण, तर पुनम. असं ते म्हणाले असते तर तिला वाईट वाटलं असतं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"मॅडम, तुम्ही शिकवताना उभ्या कशा राहता?"

"म्हणजे?"

"म्हणजे जशा राहता तशा राहा. मी पोरगा आहे समजा."

पुनमला हसू आलं. तिनं दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मग ती टेबलापाशी उभी राहिली, डावा तळवा लॅपटॉपच्या कडेला, कीबोर्डच्या खाली रेलून टेकला, सगळा भार त्याच्यावर दिला आणि उजव्या हातानं हवेत एक षटकोन काढला. षटकोनाची पाचवी बाजू निघता निघता स्क्रीन काळी झाली. दत्तोपंतांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि तिला पुन्हा शिकवायला सांगितलं. पुन्हा काळी. ते स्वतः मशीनला हात लावायचे तो देवाच्या टाकाला लावावा तसा. त्यांच्याकडे ते कशाला बंद पडेल?

दत्तोपंतांनी लॅपटॉप उलटा केला. उघडलेल्या प्रत्येक मशीनच्या एका स्क्रूवर ते कागदाची टिकली डकवायचे आणि तीवर तारीख घालायचे, म्हणजे मधल्या मध्ये कोणी उघडलं तर कळावं. टिकली तिथं होती, त्यांच्याच बारीक अक्षरात होळीच्या दिवसाची तारीख, कुठं फाटलेली नाही की उचकटलेली नाही. म्हणजे यात शेवटचा हात त्यांचाच होता. त्यांनी पेचकस घेतला आणि स्क्रू एकेक काढून पुठ्ठ्यावर उभे केले. पुढच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू बाहेर येता येईना, येतच राहिला. तो लांब होता. लांब स्क्रू दोनच, आणि ते मागच्या बाजूचे, बिजागरीखालचे. इथं आखूड हवा. झाकण काढलं, भिंग लावलं. त्या स्क्रूचं टोक बोर्डाच्या कडेला टेकत होतं. तिथला हिरवा थर महिनोन् महिने घासून गेला होता आणि खालचं तांबं एखाद्या फुटक्या ढोपरासारखं उघडं पडलं होतं. वरून भार पडला की टोक तांब्याला भिडायचं आणि मशीन स्वतःला वाचवायला मिटून घ्यायचं. उजव्या कोपऱ्यातही लांब स्क्रू होता, पण त्याच्याखाली पोकळीच होती, म्हणून तो बिचारा गप्प होता. दत्तोपंतांना सगळं दिसलं. मशीन उघडताना ते पुठ्ठ्यावर त्याचा चौकोन काढायचे, स्क्रू जिथला तिथं खोचायचे आणि पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला 'वर' असं लिहायचे. त्या दिवशी कुसुम पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दुकानात आली होती. टेबलावर जागा करायला तिनं पुठ्ठा उचलून दुसरीकडे ठेवला, आणि ठेवताना तो फिरला. रोजच्यासारखं 'वर' लिहिलेलं असतं तर फिरला तरी बिघडत नव्हतं. ते लिहायचं राहिलं होतं, आणि पोळी तुपाबरोबर खाऊन, हात धुऊन, ते मागचे स्क्रू पुढे आणि पुढचे मागे लावून मोकळे झाले होते.

गंमत अशी की त्यांना एकदम बरं वाटलं. इतकी वर्षं कुठंही काही बिघडलं की दोष आपलाच असेल असं त्यांना आधी वाटायचं, आणि ते असं अंगभर, धुक्यासारखं असायचं; त्याला काढता येत नसे की बदलता येत नसे. हा दोष मात्र सव्वा सेंटिमीटर लांबीचा होता. चिमट्यात धरून उजेडात बघता येत होता. गल्लीत अशा वेळी म्हणायचं एक वाक्य होतं: आत लूज होतं, टाइट केलं. गिऱ्हाईक त्यावर खूश होऊन जातं. पुनमही गेली असती. दत्तोपंतांनी तो स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला आणि आखूड स्क्रू त्याच्या शेजारी ठेवून सगळं सांगितलं, पुठ्ठ्यासकट, पुरणपोळीसकट.

पुनमनं दोन्ही स्क्रू उजेडात धरले. "म्हणजे महिनाभर पोरं मला हसून राहिली ते तुमच्यामुळे?"

"हो. माझ्यामुळे."

"बहुतेक?"

"बहुतेक नाही. नक्की."

तिनं मान वर करून पाहिलं. रागवावं की काय करावं हे तिचं ठरत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती म्हणाली की पुरणपोळी एकट्यानं खाल्ली याचा राग मात्र राहील, आणि स्टूल ओढून जवळ बसली. दत्तोपंतांनी उघड्या तांब्यावर पिवळ्या चिकटपट्टीचा मोहरीएवढा तुकडा बसवला, त्याच्यावर नखानं हलकेच दाब दिला, झाकण लावलं, पुठ्ठा सरळ आहे हे तिच्याकडूनच तपासून घेतलं आणि एकेक स्क्रू लावत गेले. ती विचारत होती, ते सांगत होते: लांब स्क्रू बिजागरीलाच का, हिरवा थर कशाचा, बोर्ड वाचला कसा. मग त्यांनी तिला पुन्हा शिकवायला लावलं. तिनं सगळा भार डाव्या हातावर टाकला, हवेत षटकोन पुरा केला, त्याच्या शेजारी आणखी एक काढला, मग हौसेनं तिसरा. स्क्रीन जागी राहिली. पावणेअकराला ती लॅपटॉप छातीशी धरून पळाली. पैसे विचारले तेव्हा दत्तोपंतांनी हात हलवून तिला घालवून दिलं.

दुकान रिकामं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की नऊ स्क्रू लावताना आणि तो मोहरीएवढा तुकडा बसवताना हात हलतो आहे का, हे बघायचं आपण विसरलो. हलला असेल, नसेलही. तुकडा जिथं बसायचा तिथं बसला होता. त्यांनी आठवून बघायचा प्रयत्न केला, पण आठवत होता तो षटकोन आणि पुनमच्या कपाळावरची आठी. ते खुर्चीत मागे टेकून बसले. दुकानात उन्हाची तिरीप आली होती आणि तीत पेचकसांची रांग चमकत होती. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना भूक लागली. मग त्यांनी फोन घेतला आणि फार विचार करायच्या आत व्यंकटचा नंबर लावला.

मागे पंपाचा आवाज होता. दत्तोपंतांनी आधी पायाची चौकशी केली, मग पेरणीची. व्यंकट सोयाबीनच्या बियाण्याविषयी बराच वेळ बोलला, मग सुनेनं केलेल्या आंबट लोणच्याविषयी बोलला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पलीकडून हुंकारच येताहेत.

"पोटात काय धरून बसलाव पंत? इचारा की."

"व्यंकट, सकाळी साडेसातच्या सुमाराला जमीन हलली. तुला जाणवलं का?"

'हलली असावी' असं म्हणायचं त्यांच्या मनात होतं. शब्द तसे आले नाहीत. पलीकडचा पंप बंद झाला. व्यंकटनं केला असणार. एवढ्या अवधीत त्यांना डाळ मिलच्या नव्या मोटारीचा आवाज ऐकू आला, आणि पेढ्याचा चिकटपणा तळहाताला जाणवला.

"मला न्हाई जानवलं," व्यंकट म्हणाला. "मी त्या टायमाला ट्रॅक्टरवर व्हतो, तिथं रोजच भूकंप हाय. पर तुम्ही म्हणून राहिले, तर हललं असंल."

दत्तोपंतांनी उजव्या हाताकडे पाहिलं. मग ते म्हणाले की माझा हातही असू शकेल, वडिलांचा गेला होता, आता वय झालं.

"हात असंल तर हात. गुरवारी मी येतो नांदेडला, डाक्टरला दावू. जमिनीचं तिचं ती बघंल." दत्तोपंतांना वाटलं फोन कटला. तसा तो कटला नव्हता. "तेवढं आता सांगा," व्यंकट म्हणाला, "उडी मारू का?"

तीस वर्षांत त्यानं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता, आणि तोही असा, खिशातून काढलेल्या सुपारीसारखा समोर धरून. दत्तोपंत उठून उभे राहिले. रस्त्यावर अकराच्या बॅचची पोरं आत शिरत होती.

"नको," ते म्हणाले. "या खेपेला जिन्यानं उतर."

पलीकडे व्यंकट हसायला लागला, आणि इतका हसला की त्याला ठसका लागला, सुनेनं त्याला पाणी आणून दिलेलं भांड्याच्या आवाजावरून कळलं, आणि तो पाणी पिऊन पुन्हा हसायला लागेपर्यंत दत्तोपंत फोन कानाशी धरून दुकानाच्या दारात उभे होते.